गीत : पारंपरिक

न्हाय न्हाय, तू मोज. माझ्यासाठी हात थांबवू नगंस, राजमहंमद. एकदा आकडा चुकला की अख्खी कॉईल उकलायला लागती, एवढं कळतंय मला — ईस वर्सं झाली ह्याच स्टुलावर बसून तुला तार गुंडाळताना बघतोय की. तू मोज, मी बोलतो. आपलं पैल्यापासनं असंच हाय, न्हाय का? शाळंत बी असंच — मास्तर इचारायचं तुला, उत्तर द्यायचो मी, आन मार खायचास तू. आज आलो तवा काय म्हणलास? ‘ठेव तितं.’ संपलं. त्याला आता तास झाला. माणूस वरकुट्यातनं पाच हॉर्सपॉवरची मोटर टेंपोत घालून इंदापुरात आणतो, एका बाकावरचा दोस्त, आख्खा तालुका ज्याला ‘मानसिंग वरकुटेकर’ म्हणून वळखतो, ज्याच्या आवाजावर वरातीच्या वराती नाचत्यात — आन त्याला ‘ठेव तितं’. बरं, ठेवली. स्टूल माझं मीच वढलं, माठातलं पाणी माझं मीच घेतलं. राग न्हाय मला. तू कामात हायस. मोज तू.

काय, साठाच्या म्होरं गेलास का? ओठ हलल्यावर कळतंय मला. बहात्तर टर्नची कॉईल ही — बघ, मला बी पाठ झालंय. आन तुझ्या ह्या मोजण्यातनंच तर समदं निघालं की गड्या. लोकांना वाटतं गाणं लिवायला नदीचा काठ लागतो, चांदणं लागतं. आन हितं? येष्टी स्टँडच्या मागं, पत्र्याखाली, व्हार्निशच्या वासात एक माणूस लाकडाच्या फर्म्यावर तांब्याची तार गुंडाळतो, बहात्तर झालं की गाठ मारतो, आन मोटरीच्या खाच्यात घालायचा त्यो पिवळा कागूद असतो न्हाय का, त्याच्या कपट्याव गाण्याची एक वळ लिवतो. दुसरी कॉईल, दुसरी वळ. एक मोटर भरून झाली की इकडं गाणं तयार. म्हणून तुझ्या गाण्याचा ताल कवा ढळला न्हाय. बेंजो पार्टीतली पोरं मला म्हणायची, मानसिंगराव, तुमच्या गाण्यात वळ कुठं लांबत न्हाय, कुठं आखडत न्हाय, कसं काय जमतं? मी म्हणायचो, साधना. — आता काय सांगायचं त्यांना? मोटर रिवाइंडिंग सांगितलं असतं तर हसली असती.

तर इषय असा हाय. म्हंजे मोटरीसाठीच आलोय मी, पर आलोच हाय तर म्हणलं काढावा. येत्या गुरवारी पुण्यात रेकॉर्डिंग हाय. गणपतीची कॅसेट. आपलं बारामतीचं कॅसेटवालं शेट, त्यांनी कव्हर बी छापून ठेवलंय. माझा फोटू, फेटा बांधून, मागं मोरगावचं देऊळ. खाली — ‘मानसिंग वरकुटेकर यांच्या आवाजात आठ नवी गाणी’. आठ. आन हायत किती म्हणशील तर — हायत की. न्हायत असं न्हाय. तालमी चालू हायत. म्हंजे बारामतीच्या एका मास्तरनं एक दिलंय लिवून. त्यात ‘गजवदना’ हाय, ‘कलुषित’ हाय, आणिक एक शबूद हाय त्यो म्हणताना माझी दाढ हालती. बेंजोवाल्यांनी ते दोनदा वाजवलं, तिसऱ्यांदा बिडी वढून येतो म्हणून गेलं, ते आलंच न्हायत. मंग म्हणलं, आपण बी करून बघू. त्यात काय यवढं? घरातली सुतळी घेतली आन तुझ्यासारखी गुंडाळत बसलो, पाटाला. हसू नगंस. हसला न्हाईस व्हय, बरं. बहात्तर येढं झालं. वळ न्हाय. शंभर झालं. वळ न्हाय. सुतळी संपली. आमची कौसल्या आली आन म्हणली, ही सुतळी बाजरीच्या पोत्यांची व्हती, उकला आता. घरात बायकू अशी असल्यावर गाणं कसं सुचंल तूच सांग. — न्हाय, तुला शमशादवैनींनी कवा तरी असं म्हणलंय का? त्यांनी म्हणलं असतं तर आज महाराष्ट्र उपाशी ऱ्हायला असता.

सव्वा वरीस झालं, राजमहंमद. सव्वा वरीस तुझ्याकडनं एक कपटा न्हाय. आधी म्हणलं, काम जास्त असंल. मंग म्हणलं, डोळं दुखत असत्याल. आन तिकडं जुनी गाणी काय थांबायला तयार न्हायत. मोरगावच्या येष्टीचं तू केलंवतंस न्हाय का — म्हातारी गणपतीला जायाला स्टँडवर उभी ऱ्हाती, गाडी येती ती भरलेली, दुसरी येती ती बिघडलेली, शेवटाला गणपतीच उंदरावर बसून स्टँडवर येतो — ते चतुर्थीला मोरगावात सकाळी लागतं ते सांजंपतोर वाजतंय. नारळवाल्याकडं तेच, प्रसादवाल्याकडं तेच, आन येष्टीचा ड्रायव्हर बी तेच शीळ घालतोय, ज्याच्या गाडीला तू त्यात नावं ठिवलीस. ट्रॅक्टरचं हाय, ते ऊस तोडणाऱ्यांच्या फडात. आन टेंपोचं तर बोलायलाच नगं. ‘टेंपो आला दारात गं, करवल्यांची घाई, नवरी शोधती चप्पल, तिची चप्पल घावत न्हाई.’ ह्या पाच वर्सांत बारामती-इंदापुरात त्या गाण्याबिगर एक बी वरात निघाली असंल तर दाखव. कलेक्टरच्या पोरीची निघाली म्हणं, पर तितं बी आचाऱ्यांनी मागं लावलंवतं. एवढं सोपं आन एवढं बरोबर. चप्पल! आरं, नवरी म्हणल्यावर समदी डोळं धरत्यात, व्हट धरत्यात. तुला चप्पल दिसली. हे कुणाला जमतं? मला न्हाय जमत. मनापासनं सांगतोय, मला न्हाय जमत.

लोक इचारत्यात की. न्हाय असं न्हाय. मानसिंगराव, हे लिवलं कुणी? तर मी — म्हंजे आता कॅसेटवर छापलंयच तसं, ‘गीत : पारंपरिक’, तर मी बी तेच सांगतो. मी छापलं न्हाय ते. शेटनं छापलं. पैल्या कॅसेटच्या वक्ताला मी त्यांना म्हणलो, शेट, लिवणाऱ्याचं नाव. शेट म्हणलं, काय नाव? मी सांगितलं. शेट म्हणलं, गणपतीच्या कॅसेटवर राजमहंमद? गिऱ्हाईक काय म्हणंल? आता त्या मोरगावच्या देवळाला चार कोपऱ्याला चार मिनार हायत, गणपतीला त्याची शेकडो वर्सं अडचण न्हाय, पर शेटला व्हती. मी भांडलो. लई भांडलो. म्हंजे मनात. तोंडानं म्हणलो, बरं, जसं तुमाला योग्य वाटंल तसं. आन ‘पारंपरिक’ काय वाईट शबूद हाय का? पारंपरिक म्हंजे मुरलेलं. म्हंजे कुणी एकानं केलेलं न्हाय, समद्यांनी मिळून केलेलं. चाळिशीत पारंपरिक व्हणं ही काय साधी गोष्ट हाय व्हय? लोकं मरून शंभर वर्सं व्हत्यात तरी पारंपरिक व्हत न्हायत.

आन शेवटच्या कडव्याचं म्हणशील — तू कुठं काय म्हणतोयस, मीच म्हणतो — तर त्यात बी माझी चूक न्हाय. तुझी आपली जुनी रीत, शाहिरांसारखी, शेवटच्या कडव्यात नाव घालायचं. ‘राजमहंमद सांगे’, ‘राजमहंमद म्हणे’. चांगली रीत हाय. पर ती रीत निघाली तवा कॅसेट न्हवती. कॅसेटच्या एका बाजूला तीस मिनटं. त्यात चार गाणी बसवायची. पुण्याचा त्यो रेकॉर्डिंगवाला काचंच्या पल्याडनं हात दाखवतो — कापा. आता कुठं कापणार? पैलं कडवं कापलं तर गाणं कळायचं न्हाय, मधलं कापलं तर गोष्ट तुटती. मंग ऱ्हातं कोणतं? शेवटचं. हिशेब सरळ हाय. पैल्या कॅसेटला कापलं, मंग सवय लागली. पुढं पुढं तर तीस मिनटं भरायची न्हायत, तरी कापायचो. दोन मिनटं मोकळी फीत फिरायची नुसती, खर्र करत. — हे मी कशाला सांगितलं? जाऊ दे. आन बेंजोवाली तर कुठलं बी गाणं दोन कडव्यांच्या म्होरं वाजवतच न्हायत. म्हंजे बघ, तुझं नाव अशा जागी व्हतं की तितंपतोर कुणी पोचतच न्हाय. ह्याला मी काय करणार? तू पैल्या कडव्यात घालायचंस.

झाली का कॉईल? झाली. गाठ मारलीस. आता तरी बोल की. — न्हाय? लगीच दुसरी? बरं, मोज.

तुला एक गंमत सांगतो, तुला ठावं नसंल. मागच्या माघात आमच्या वरकुट्यात पुण्याची एक प्राध्यापक बाई आलीवती. लोकगीतं गोळा करती. खांद्याला टेपरेकॉर्डर, डोळ्याला ह्यो जाड चष्मा. मला म्हणली, हे टेंपोचं गाणं पारंपरिक हाय असं कॅसेटवर लिवलंय, तर तुमच्याकडं कुणाकडनं आलं? आता काय सांगू? एकदा पारंपरिक म्हणल्यावर कुणाकडनं तरी आलं पायजे. मी म्हणलो, आमच्या आजीकडनं. आक्काबाई तिचं नाव, जात्यावर बसली की म्हणायची. बाईनं लिवून घेतलं. आन मंग चष्मा वर करून इचारती कशी — आजीच्या काळात टेंपो व्हता? मला असा घाम फुटला. पर मी काय कच्चा न्हाय. म्हणलो, आजीच्यात बैलगाडी व्हती, टेंपो मी घातला. बाई एवढी खूश झाली म्हणतोस! म्हणली, परंपरा अशीच जिवंत ऱ्हाती. पेपरात लेख आला तिचा, माझ्या फोटूसकट. आमची आक्काबाई, खरं सांगू का, बहिरी व्हती. जन्मात एक वळ म्हणली न्हाय. मेंढरं हाकताना ‘हुर्र’ म्हणायची तेवढंच. पेपर घडी करून जपून ठिवलाय कौसल्यानं. मी म्हणलं फेक, तर म्हणती, असू दे, कामाला येईल. कशाच्या कामाला येणार हाय, देव जाणं.

हसला न्हाईस. आधी हसायचास असल्या गोष्टीला.

बरं, आणिक एक सांगतो. मोटरीचं. ती जळली न्हवती. — तुला कळलंच असंल. तू झाकण खोललंस, नाक लावलंस. जळलेल्या तारंला वास असतो, त्यो ह्या मोटरीला न्हवता. सकाळपतोर पाणी उपसत व्हती ती. मीच तिला काढली, टेंपोत घातली. कायतरी निमित्त नगं का? सव्वा वरीस न बोललेल्या माणसाकडं हात हालवत कसं जायाचं? मला वाटलं तू खोलशील, म्हणशील, मान्या, मोटर चांगली हाय की, मंग मी हसंन, तू हसशील, इषय निघंल. तर तू काय केलंस? माझ्याकडं एकदा बघितलंस, आन छन्नी घिऊन ती चांगली तार टकाटका कापून काढलीस. मी बोंबलणार व्हतो. पर बोंबलणार कसा? जळली असं माझ्याच तोंडानं सांगितलंवतं. आता तिकडं वांगी वाळतायत आन मी हितं बसलोय. तुझं बी खरं हाय म्हणा — गिऱ्हाईक जळली म्हणतंय, आपण जळली समजायची. माणसाच्या शब्दावर इश्वास ठेवायचा. तुझा स्वभावच त्यो.

आता तू म्हणशील, मान्या, तू समदं बोलतोस, पर लग्नाचं बोलत न्हाईस. तू म्हणणार न्हाईस, तू मोजत बसशील, पर मनात तेच चाललंय तुझ्या, मला दिसतंय की. तर घे, लग्नाचं बी बोलतो. रुक्सारच्या लग्नाला मी काय कमी केलं? बेंजो पार्टी घिऊन आलो, माझ्याकडनं, अहेर म्हणून. पोर माझ्या डोळ्यांम्होरं वाढलेली, माझ्या मांडीवर बसून ताल धरायला शिकलेली. गळा बसलावता तरी गायलो. मांडव गच्च व्हता, उभं ऱ्हायला जागा न्हाय, पाचशेक माणूस. टेंपोचं गाणं लागलं आन नवऱ्याकडची समदी नाचायला उठली. मंग ते तुझं व्याही, सांगवीचं, उठून उभं ऱ्हायलं, हात वर केला, बेंजो थांबवला. मला म्हणलं, ‘आता शेवटचं कडवं म्हणा. आमच्या व्याह्यांचं नाव हाय त्यात. पाव्हण्यांना सांगून ठिवलंय आमी.’ सोयरीक ठरताना तू सांगितलंवतंस म्हणं त्यांना, ही गाणी माझी हायत. कुणाला कवा न सांगणारा माणूस, पोरीसाठी एकदा बोललास. आन ते लई खूश झालंवतं, गाणी करणाऱ्याची लेक घरात येती म्हणून. तू पाण्याच्या पिपापाशी जग घिऊन उभा व्हतास. मान खाली घातलेली आन गालात हसत व्हतास, नव्या नवऱ्यासारखा. दिसत व्हतास मला माईकपास्नं.

मंग मी काय करणार व्हतो? मला ते कडवं येतच न्हवतं. आईच्यान. कवा गायलो न्हाय, कवा पाठ केलं न्हाय, कागूद तर पुण्यातच हरवला पैल्या रेकॉर्डिंगला. जे येत न्हाय ते माणूस म्हणणार कसं, तूच सांग. मला येत न्हाय असं म्हणायला पायजे व्हतं, ते मान्य. पर हातात माईक, म्होरं एवढी माणसं, गायकानं म्हणायचं मला येत न्हाय? तोंडातनं दुसरंच गेलं. ‘असलं कडवं ह्या गाण्यात न्हायच,’ म्हणलो मी, ‘हे गाणं पारंपरिक हाय.’ गेलं आपलं. मंग हसला मांडव. कोण तरी म्हणलं, व्याही मोटरी गुंडाळत्यात तसं माणसं बी गुंडाळत्यात. मी न्हाय हसलो. मी लगीच बेंजोवाल्यांना हात केला, दुसरं लावा म्हणून, की इषय मिटावा. आन तू जग उचललास आन पंगतीत पाणी वाढत गेलास, शेवटच्या पानापतोर. तवा मला वाटलं, चला, ह्यानं काय मनाव घेतलं न्हाय.

त्याला आता सव्वा वरीस झालं, न्हाय का? — व्हय. बरोबर तेवढंच झालं.

आमची कौसल्या सांगत व्हती, तिची मावसबहीण सांगवीत दिलीय. म्हणली, रुक्सारची नणंद वस्ताद हाय. गावात कुठं बी भोंगा लागला, कसलं बी गाणं असू दे, हिंदी असू दे, आरती असू दे, भाकरी थापणाऱ्या रुक्सारला इचारती — भाभी, हे बी तुमच्या अब्बांनीच लिवलं का? आन घरातली समदी हसत्यात. मी ऐकलं तवा मला बी हसू — म्हंजे हसू न्हाय. तसं न्हाय. वाईट वाटलं. कौसल्या दोन दिस बोलली न्हाय माझ्याशी, जणू नणंद मीच हाय. म्हणली, गाणी घिऊन येऊ नगासा, माफी घिऊन या. आता माफी म्हंजे काय, ती काय दुकानात मिळती व्हय? आलोय की मी. मोटर घिऊन आलोय. तुला न कळण्यासारखं काय हाय त्यात?

हे बघ, मी ठरवून आलोय. ह्या वक्ताला नाव छापायचं. शेटला सांगतो, कव्हरवर राजमहंमद न्हाय तर मानसिंग बी न्हाय. — न्हाय, सांगतो. खरंच सांगतो. बारीक अक्षरात का हुईना, पर छापायचं. मागच्या बाजूला. म्हंजे पुढं जागाच न्हाय, फोटू मोठा हाय. आन शेवटची कडवी बी म्हणायची, समदी. कापायची न्हायत. पुण्याचा त्यो काचंतला माणूस हात दाखवू दे न्हायतर पाय दाखवू दे. तू फकस्त आठ गाणी दे. आठ न्हाय तर सा दे. बरं, चार. बाकीची जुनी घालू. टेंपोचंच परत घालू की — गणपती बी टेंपोतनंच येतो — अख्खं, पैल्यापासनं शेवटापतोर! काय झ्याक हुईल ठावं हाय का? समदी नाचतायत, नाचतायत, आन शेवटच्या कडव्याला ढोलकी बंद. बेंजो बंद. नुसती पेटी, एकच सूर धरलेला. लोकांना कळायचंच न्हाय काय झालं. आन मंग मी, खालच्या पट्टीत, असा हळू उचलणार, बघ —

हळू घे रं डायव्हर, वाट हाय खडीची,
लेक माझी पाव्हणी, आता दोनच घडीची,
राजमहंमद सांगे, जपा काच बांगडीची…

‘बांगडीची’ला अशी मुरकी घ्यायची न्हाय. सरळ सोडायचं. मुरकी घेतली की रडू मोडतं. मी विहिरीवर म्हणताना दोन्ही करून बघितलंय, सरळच बरं वाटतंय. काय म्हणतोस? — राजमहंमद? हात का थांबला रं तुझा? आकडा चुकंल. — आरं बोल की.

काय म्हणलास?

‘पाठ हाय की तुला.’

व्हय. म्हंजे — न्हाय, ते — आत्ताच कुठं तरी कागूद घावला आन — न्हाय. न्हाय घावला. कागूद हरवलाच न्हवता. घरी ट्रंकंत हाय, समदं कपटं हायत, सत्तावीस गाण्यांचं, कौसल्यानं दोऱ्यानं बांधून ठिवल्यात. पाठ हायत मला. तू दिलंस त्या दिशीच पाठ झालंवतं हे, हितंच, ह्या स्टुलावर. त्या दिशी मांडवात बी पाठ व्हतं. जिभंवर आलंवतं, राजमहंमद. तुझं व्याही बोलल्यावर पैली वळ माझ्या व्हटावर आलीवती. मंग मी तुझ्याकडं बघितलं, तू असा हसत उभा. आन मला वाटलं, हे एकदा म्हणलं की संपलं. समदी तुझ्याकडं वळणार. माझ्याकडं बघून म्हणणार, गाणी त्याची व्हय, ह्यो नुसता म्हणतो. मंग मी कोण? पत्र्याचा भोंगा. तुझ्याकडं हे दुकान हाय, हात हाय, डोस्कं हाय. माझ्याकडं तेवढंच व्हतं, ते एक नाव. मला भ्या वाटलं. पोरीच्या मांडवात, पोरीच्या बापाला मी खोटं पाडलं, भ्या वाटलं म्हणून. लाज वाटती मला. बायकूला बी सांगितलं न्हाय हे. तिला वाटतंय मला येत न्हवतं.

मी जातो सांगवीला. उद्याच जातो. बेंजो घिऊन जातो, तुझ्या व्याह्याच्या दारात उभा ऱ्हातो आन समद्या गावाम्होरं हे कडवं म्हणतो. मंग तर झालं? मंग गाणी दे न्हायतर देऊ नगंस — म्हंजे दिलीस तर — न्हाय, ते सोड, गाण्यांचं सोड. मी जातोच.

कोण हाय त्या घराकडच्या दारात? रुक्सार? कवा आलीस गं माहेराला? मला ठावंच न्हाय. कवापासनं उभी हायस तितं? — ऐकलंस व्हय समदं. बरं झालं, तुझ्याच कामाचं बोलत व्हतो. पोरी, उद्या मी तुझ्या सासरी येतो बघ. तुझ्या सासऱ्याला, त्या नणंदंला, समद्यांना शेवटचं कडवं ऐकवतो, तुझ्या अब्बाच्या नावासकट. मान वर करून — काय? का नगं?

‘आता म्हणलंत तर वाटंल, अब्बांनी काल लिवून दिलं.’

…असं कसं वाटंल? मी सांगतो की त्यांना. मी सांगितल्यावर — कॅसेटवर तर न्हाय, व्हय. पेपरात तर आजीचं — व्हय. आन मांडवात मीच… व्हय. तसंच वाटंल. तसंच म्हणत्याल.

चा आणलावतास न्हवं? दोन कप दिसतायत. तुझ्या अब्बाला एक आन — न्हेलास व्हय एक आत परत. न्हेऊ दे. न्हेऊ दे, राजमहंमद, हाक मारू नगंस तिला… तू मारत बी न्हाईस.

बरं. निघतो मी.